उजी, तुझ्या डाव्या बरगडीबद्दल

उजी,

तुझ्या तेरवीला मी भातकुलीपर्यंत आले होते, पण घरात आले नाही. मंडप दिसत होता, पंगती बसलेल्या दिसत होत्या. दाराशी टेबलावर तुझा फोटो होता, भारताच्या निळ्या जर्सीतला, हार घातलेला. मी ऑटो रस्त्याच्या पलीकडे थांबवायला सांगितला आणि आतच बसून राहिले. ऑटोवाल्यानं दोनदा विचारलं, उतरता का ताई. शेवटी मी त्याला परत फिरायला सांगितलं.

असं का केलं, ते तुला माहीत नाही. ते सगळं तू गेल्यावर घडलं. सांगते. पण पहिल्यापासून सांगते, कारण महिनाभरात तुझ्यामाझ्याबद्दल इतक्या लोकांनी इतकं लिहिलंय, की आपली खरी ओळख कशी झाली हे मलाच एकदा नीट आठवून बघावंसं वाटलं.

आपण तेरा वर्षांच्या होतो. अकोल्याला चौदा वर्षांखालच्या मुलींचे बास्केटबॉलचे विभागीय सामने होते आणि तुझ्या शाळेचा संघ भातकुलीहून टमटममध्ये बसून आला होता. पाचच मुली, बदलीला कोणी नाही, त्यातल्या दोघींच्या पायात बूट नव्हते. आमची अकोल्याची शाळा तुम्हाला बघून हसली. मीही हसले. मग खेळ सुरू झाला आणि तू आमच्या डोक्यांवरून हात घालून एकेक चेंडू काढून घ्यायला लागलीस. माझं डोकं तुझ्या खांद्याला लागत होतं. मला काही सुचेना, तेव्हा मी रिंगखाली तुझी वेणी ओढली. पंचांची पाठ होती. तू मागे वळून बघितलंस. पुढच्या वेळी चेंडू तुझ्या हातात आला तेव्हा तू तो रिंगकडे टाकलाच नाहीस. दोन्ही हातांनी, दोन पावलांवरून, माझ्या तोंडावर मारलास.

माझ्या नाकातून रक्ताची धार लागली, पांढरा शर्ट भिजला. मी तुझ्या अंगावर झेपावले, आपण सिमेंटवर लोळलो, तुझ्या दंडाला मी चावले. दोन्ही शाळांच्या बाईंनी ओढून काढलं आणि दोघींनाही बाहेर बसवलं. पाण्याच्या टाकीपाशी एकाच पायरीवर. मी नाकात कापूस घालून, तू दंडावर ओला रुमाल धरून. मग तू विचारलंस, "तुयं नाव काय वं?"

मी सांगितलं, नाझिया.

"नाक मोडलं काय?"

नाही म्हटलं. "मंग ठीक," असं म्हणून तू परत सामना बघायला लागलीस.

तिथंच वानखडे सरांनी आपल्याला पाहिलं. ते अमरावतीहून मुली निवडायला आले होते. त्यांनी तुला निवडलं ते साहजिकच होतं. मला का निवडलं ते मी पुढे एकदा त्यांना विचारलं. ते म्हणाले, पोट्टी तुझ्यापेक्षा हातभर उंच होती, तरी तू तिच्या अंगावर गेली म्हणून.

अमरावतीचं वसतिगृह, एक खोली, दोन लोखंडी पलंग. अम्मी मला सोडायला आली तेव्हा तुझ्या पलंगावर बसून रडली आणि तू तिला पाणी आणून दिलंस. माझ्या अम्मीला तू पहिल्या दिवसापासून अम्मीच म्हणालीस. ईदला तू आमच्याकडे अकोल्याला यायचीस आणि शीरखुर्म्याच्या तीन वाट्या प्यायचीस. पोळ्याला मी भातकुलीला. तुझ्या मायच्या हातच्या पुरणपोळ्या मोजल्या नाहीत कधी, दोघींनीही.

पण ते सणांचं झालं. बाकी दिवस मैदानावर गेले, आणि मैदानावर मार होता. सर मारायचे, उजी. आता हे मी लिहिते आहे तेव्हा हात थांबतो, कारण सरांचं आपल्यावर प्रेम होतं यात मला आजही शंका नाही. फ्री थ्रो चुकला की पोटरीवर छडी. डिफेन्सला पाय जड झाले की पाठीत गुद्दा. आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. कोणाच्या पोटरीवर किती वळ, हे आपण आंघोळीच्या वेळी एकमेकींना दाखवून हसायचो. सरांनी आपल्याला मारायलाही शिकवलं. पंचांची नजर चेंडूवर असते तेव्हा कोपर कुठं घालायचं, कुठल्या बरगडीखाली घातलं की समोरचीचा श्वास अडकतो. आणि मार लागला तर तोंडावर दिसू द्यायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं. समोरच्याला कळलं कुठं दुखतं, की तो तिथंच मारणार, असं म्हणायचे. माझ्या तोंडावर सगळं दिसायचं. तुझ्या तोंडावर काहीच दिसायचं नाही.

पंधराव्या वर्षी पेपरात तुझा फोटो आला. हाफ पँटमधला, उडी मारतानाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी सराव चालू असताना तुझा भाऊ संतोषदादा मोटरसायकल घेऊन सरळ मैदानावर आला. गाडी उभी करून कोर्टाच्या मधोमध आला आणि सगळ्यांसमोर तुझ्या कानशिलात दोन ठेवून दिल्या. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, म्हणाला. चल घरी. सर पुढे येत होते, पण तू त्यांना हातानं थांबवलंस. दादानं तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा तू त्याचं मनगट पकडलंस, पिरगाळलंस आणि त्याला खाली पाडलंस. त्याचं कपाळ सिमेंटवर आपटून फुटलं.

मग तूच त्याच्या शेजारी मांडी घालून बसलीस आणि आपला टॉवेल त्याच्या कपाळावर दाबून धरलास. तो शिव्या देत होता, तू दाबून धरत होतीस. दवाखान्यात टाके पडेपर्यंत तू त्याच्याजवळून हलली नाहीस. निघताना त्याला म्हणालीस, "दादा, घरी सांग का गाडीवरून पडलो. पन मी येत नाई." त्यानं घरी तसंच सांगितलं. चार वर्षांनी तू भारताकडून खेळलीस, तेव्हा भातकुलीच्या स्टँडवर पहिला फ्लेक्स त्यानंच लावला. तुझ्या फोटोएवढाच स्वतःचा फोटो टाकून.

तू वर कशी गेलीस हे लोकांना दोन ओळींत सांगता येतं. आधी राज्य, मग ज्युनिअर राष्ट्रीय, मग भारत, मग लीग. मी त्यातल्या ज्युनिअर राष्ट्रीयपर्यंत तुझ्यासोबत होते. अंतिम सामन्यात समोरच्या संघाच्या सेंटरनं तुझी करंगळी मागे वाकवून मोडली. तो आवाज मला बाकापर्यंत ऐकू आला. तू दोन बोटं एकत्र चिकटपट्टीनं गुंडाळून घेतलीस आणि परत आत गेलीस. मोडलेल्या हातानं रिंगवरून परतणारे चेंडू, रिबाउंड, घेत राहिलीस, आणि ज्या मुलीनं बोट मोडलं होतं तिला शेवटच्या पाच मिनिटांत तू इतक्यांदा पाडलंस की ती रडत बाहेर गेली. आपण जिंकलो. सरांनी तुला खांद्यावर घेतलं. तू वरून माझ्याकडे बघून हसत होतीस आणि तुझी करंगळी वांग्यासारखी सुजली होती.

त्यानंतर महिन्याभरानं भारताच्या शिबिराची यादी आली. तुझं नाव होतं, माझं नव्हतं. त्या दुपारी तू बॅग भरत होतीस आणि मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तू विचारलंस, "मी जाऊ नको काय, नाझी?" मी उठले, तुझी भरलेली बॅग उचलली आणि खिडकीतून खाली फेकली. जा, मर तिकडं, म्हणाले. तू मला एक थप्पड मारलीस, खाली गेलीस, चिखलातले कपडे गोळा केलेस आणि तशीच गेलीस. आठवड्यानं तुझा फोन आला, जणू काही झालंच नाही अशी बोललीस. मीही तशीच बोलले. त्या वाक्याची माफी मी कधीच मागितली नाही. दहा-बारा वर्षं होती हाताशी. दर वेळी वाटायचं, आता काय उकरून काढायचं.

लीगमधलं पहिलं वर्ष तू बाकावर बसून काढलंस, दुसऱ्या वर्षी सुरुवातीच्या पाचात होतीस, चौथ्या वर्षी कर्णधार. टीव्हीवर सामना असला की मी शाळेच्या हॉलमध्ये माझ्या मुलींना बसवून दाखवायचे. मी अकोल्याला क्रीडाशिक्षिका झाले, त्याचं तुला माझ्यापेक्षा जास्त कौतुक. अकोल्यात आलीस की आधी माझ्या शाळेत यायचीस. मुली रांग लावून तुझ्या तळव्याला तळवा लावून बघायच्या. तू प्रत्येकीला विचारायचीस, घरचे येऊ देतात का खेळायला, आणि नाही म्हणणाऱ्या मुलीच्या बापाचा फोन नंबर मागायचीस. तीन बाप तरी तुझ्या एका फोनवर वळले. त्या मुली आज माझ्या संघात आहेत.

लीगमध्ये तुला लोक घाबरायचे. एकदा तू एका मुलीचा ओठ फोडलास म्हणून तुला दोन सामने बाहेर बसवलं. त्या दिवशी फोनवर म्हणालीस, "रक्त पाह्यलं तिचं आन मले बरं वाटलं, नाझी. काहून वाटलं असंन?" मी हसले. तू वाघीण आहेस, वगैरे काहीतरी बोलले. तू खरं विचारत होतीस, हे मला आता कळतं. तेव्हा तुझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं.

प्रशांत. त्याचं नाव लिहायला नको वाटतं, पण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. अकोल्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, पूर्वी जिल्ह्याकडून कबड्डी खेळलेला. लग्नाआधी तो तुझ्या सामन्यांना गाडी चालवत नागपूरपर्यंत यायचा, तुझ्यासाठी बर्फाची पिशवी घेऊन बसायचा. खेळाडूला खेळाडूच समजून घेईल, असं तू म्हणालीस आणि मलाही पटलं. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात अकोल्यात तुझा सत्कार झाला. शाल देताना निवेदकानं तुझी पाच मिनिटं तारीफ केली आणि प्रशांतला मंचावर बोलावताना म्हणाला, आता उज्ज्वलाताईंचे मिस्टरही येतील. नाव त्याला माहीत नव्हतं. लोक हसले. प्रशांतही हसला. दुसऱ्या दिवशी तू माझ्या शाळेत आलीस, अकोल्याच्या मे महिन्यात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून.

मी विचारलं. तू म्हणालीस, सरावात लागलं, संघात एक धिप्पाड पोरगी आलीय, अंगावर येऊन खेळते. मी मान डोलावली. तुझ्या अंगावरचे काळेनिळे डाग मी तेराव्या वर्षापासून बघत आले होते. त्यातला खेळाचा कुठला आणि घरचा कुठला, हे मला ओळखता आलं नाही. तुझा दुसरा कुठला धंदा असता, ऑफिसात बसणारी असतीस, तर पहिल्याच डागाला मी उठून उभी राहिले असते.

कळलं ते गेल्या वर्षी. आपण माझ्या शाळेच्या सामानाच्या खोलीत कपडे बदलत होतो आणि तुझ्या दंडावर मला चार बोटं आणि एक अंगठा दिसला. कोर्टावर कोणी कोणाचा दंड असा धरत नाही. मी तुझा हात धरून उजेडात नेला. तू झटकलास. मग आपलं भांडण झालं, आपल्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट. मी म्हणाले, जगात कोणाचं ऐकून घेत नाहीस, भावाला भर मैदानात पाडलंस, मग याला का सोडतेस.

तू म्हणालीस, "कोर्टावर शिटी वाजते. घरी कोन वाजवते?"

मी वाजवते, म्हणाले. सरांना सांगते, पोलिसांत जाते. तेव्हा तू माझा गळा धरून मला भिंतीला टेकवलंस. चेंडूंची जाळी अंगावर पडली. तुझे डोळे मी तसे कधीच पाहिले नव्हते. "सांगजो नको," तू म्हणालीस. "लोकं मनतीन, जगाले मारते आन घरी मार खाते."

आणि मी सांगितलं नाही, उजी. तुझ्या हाताला घाबरून नाही. तुझी शरम मला माझी वाटली म्हणून. आपण दोघींनी मिळून ती झाकली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी सरांच्या निवृत्तीचा सामना होता. अमरावतीला, आपल्याच कोर्टावर, सगळ्या जुन्या मुली. सरांनी मुद्दाम तुला आणि मला समोरासमोर ठेवलं, आणि सगळे हसले. प्रशांत बाजूला उभा राहून मोबाइलवर चित्रण करत होता. दुसऱ्या बाजूला सरांच्या पुतण्यानं तिकाटण्यावर कॅमेरा लावला होता.

तू नीट खेळत नव्हतीस. दोन सोपे रिबाउंड सोडलेस. डावा हात अंगाशी धरून खेळत होतीस. ते मी पाहिलं. आणि पाहून काय केलं ते सांगते, कारण तुझ्याशी तरी खोटं बोलायचं नाही. मला वाटलं, डावी बाजू उघडी आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तुला हरवू शकत होते. चेंडू वर गेला, पंचांची मान वर गेली, आणि मी तुझ्या डाव्या बरगडीखाली कोपर घातलं. सरांनी शिकवलं होतं अगदी तसं.

तू गुडघ्यांवर बसलीस. उठली नाहीस. बघणाऱ्यांच्या टाळ्या हळूहळू थांबल्या. मी वाकून तुझं तोंड बघितलं. पांढरं पडलं होतं, तरी त्यावर काही दिसत नव्हतं. मग तू माझा हात धरून उभी राहिलीस आणि हसून म्हणालीस, "शिकली वं शेवटी." उरलेला सामना तू खेळलीस. फोटो काढलेस. सरांच्या पाया पडताना पूर्ण वाकता आलं नाही तुला, तेव्हा सरांनीच तुला उचललं. मग प्रशांतनं गाडी काढली आणि तुम्ही अकोल्याला निघालात.

मंगळवारी सकाळी मला शाळेत त्याचा फोन आला. उज्ज्वलाला चक्कर आली, दवाखान्यात आणलंय. मी पोहोचले तेव्हा तू स्ट्रेचरवर होतीस, ओठ कागदासारखे. प्रशांत उशाशी उभा होता, तुझ्या कपाळावर हात ठेवून. तू माझं मनगट पकडलंस आणि म्हणालीस, "शाळा सोडून आली काय वं?" एवढंच. आणखी काही सांगायचं असेल तर त्याच्यासमोर कसं सांगणार होतीस. मनगट मात्र इतकं आवळलंस की दोन दिवस माझ्या कातडीवर तुझी बोटं होती. मग तुला आत नेलं. पोटात रक्त साठलंय, प्लीहा फुटलीय, असं डॉक्टर सांगून गेले. दुपारी तू गेलीस.

डॉक्टरांना प्रशांतनं सांगितलं होतं, परवा सामन्यात लागलं. त्याच दिवशी तुझा देह शवविच्छेदनाला नेला, आणि बाहेरच्या बाकावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. रडत होता. रडतारडता म्हणाला, "ताई, विचारलं तर तुम्ही सांगा ना. तुमचंच कोपर लागलं होतं. मुद्दाम नाही, पण लागलं होतं."

दुसऱ्या दिवशी प्रशांतच्या मोबाइलमधलं ते चित्रण सगळ्या फोनवर होतं. अकरा सेकंदांचं. चेंडू वर जातो, माझं कोपर जातं, तू खाली बसतेस. खाली ओळ होती, मैत्रिणीनंच घात केला. माझं नाव वाचून लोकांनी पुढं काय काय जोडलं ते तुला सांगत नाही. माझ्या शाळेच्या फाटकावर दगड पडले. दोन मुलींना त्यांच्या बापांनी संघातून काढलं. म्हणून मी तेरवीला ऑटोतून उतरले नाही. मला लोकांची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही, की ते खरं असेल.

तू गेलीस त्याच आठवड्यात संतोषदादा कुऱ्हाड घेऊन अकोल्याला आला. माझ्याकडे येतोय असं मला कोणीतरी कळवलं आणि मी दार लावून बसले. तो आला नाही. तो प्रशांतच्या घरी गेला होता. त्यानं दार फोडलं, गाडीच्या काचा फोडल्या, आणि प्रशांत मागच्या भिंतीवरून पळाला. पोलीस दादाला घेऊन गेले तेव्हा तो ओरडत होता, खेळात मरनारी नोती माई बहीन. त्याला कसं कळलं, हे मला तेव्हा समजलं नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दारात तुझी माय उभी होती. एकटी, बसनं आलेली. मी दार उघडलं. मला वाटलं ती मारेल, आणि मारावं असंही वाटलं. ती आत येऊन खाली बसली, पाणी प्यायली, आणि तू काय मनते पोलिसांले, असं तिनं विचारलं.

मी म्हणाले, काय सांगू, माय, कोपर मारलं मी.

"थे मले ठाऊक हाय," ती म्हणाली. "दिवाईले आली तवा पाठ दाखवली तिनं मले. पट्ट्याचे वय उठले होते. मी हयद लावली आन सांगतलं, दम धर बाई, लेकरू झालं का सुधरते मानूस. मीच धाडली तिले वापस." ती रडत नव्हती. "मले ठान्यात ने. मले लिवता येत नाई, तू लिवून देजो."

ती संतोषला हे तू गेल्यावर बोलली होती. तुझ्या जिवंतपणी कोणाला नाही. मी तिच्यासमोर बसले आणि सामानाच्या खोलीतलं सगळं तिला सांगितलं. तू गळा धरला होतास तेही. आम्हा दोघींना माहीत होतं, दोघी गप्प होतो.

घरून मला सल्ला मिळाला होता, विचारतील तेवढंच बोल, कोपराचं काढू नको. मी ठाण्यात गेले आणि पहिलं तेच सांगायला लागले. पण मायनं मला दंडाला धरून मागे केलं. आधी माझं लिहा, म्हणाली. तिचा जबाब फौजदार बाईंनी स्वतः लिहून घेतला. दिवाळीचे वळ, हळद, दम धर म्हणाली ते, तिनंच परत धाडलं ते. अंगठा तिनं नीट दाबून लावला.

मग मी. कोपर मारलं का? हो. मुद्दाम? हो, खेळात मारतात तसं, पण मुद्दाम. फौजदार बाईंनी मान वर केली आणि जे इतक्या दिवसांत कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं. मारलं तेव्हा तिचा हात कुठं होता?

अंगाशी, मी म्हणाले. डाव्या बरगडीवर. सामना सुरू झाल्यापासून.

सरांनी पुतण्याच्या कॅमेऱ्यातला पूर्ण सामना ठाण्यात आणून दिला. त्यांनी तो घरी तीनदा बघितला होता. तू कोर्टावर आलीस तिथपासून, माझ्या कोपराच्या आधीची पूर्ण अठरा मिनिटं, तुझा डावा हात एकदाही खांद्याच्या वर गेला नव्हता. सर फौजदार बाईंसमोर खुर्चीवर बसले आणि म्हणाले, दुखणं लपवायला मी शिकवलं तिला, मॅडम, हेही लिहा. बाई म्हणाल्या, ते गुन्ह्यात येत नाही. सर तरी बसून राहिले.

शवविच्छेदनाचा अहवाल आला. बरगड्यांना तीन जुने तडे, वेगवेगळ्या वेळचे, आपोआप जुळलेले. एक ताजा, काही दिवसांचा. पाठीवर वळ, मानेवर नखांच्या खुणा. प्रशांतला अटक झाली. संघातल्या त्या दोन मुलींपैकी एक परत आली आहे. तिचा बाप स्वतः तिला फाटकाशी सोडून गेला.

मी डॉक्टरांना भेटून विचारलं, शेवटी प्लीहा कशानं फुटली. ते चांगले माणूस आहेत. म्हणाले, आधीच फाटलेली असेल, तुमच्या माऱ्यानं वाढली असेल, घरी गेल्यावर परत मारलं असेल, आम्हाला इतकं वेगळं काढून सांगता येत नाही. मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

म्हणजे मी तुला मारलं का, हे मला मरेपर्यंत कळणार नाही, उजी. खटल्यात प्रशांतचा वकील मला ते विचारणार आहे, आणि मी खरं तेच सांगणार आहे. कोपर मारलं. जोरात मारलं. आणि त्यानं पुढं विचारलं नाही तरी मी थांबणार नाही. वर्षभर मला माहीत होतं आणि मी कोणाला सांगितलं नाही, हेही न्यायाधीशांसमोर सांगणार आहे. तुला चालणार नाही ते. लोक काय म्हणतील, म्हणशील. म्हणू देत. तुझी शरम मी आता झाकणार नाही, माझीही नाही.

आणि ती बॅग. जा, मर तिकडं, असं मी म्हणाले होते. चुकले गं. हे त्या दुपारीच म्हणायचं होतं.

माय आता आठवड्यातून एकदा बसनं येते. वकिलांकडे जायचं नसलं तरी येते. माझ्याकडे जेवते, अम्मीच्या पानदानातलं पान खाते, दोघी जणी एकमेकींचं अर्धंच समजत तासभर बोलतात. मी तिच्या डोक्याला तेल लावून देते. काल ती मला म्हणाली, आता तूच माई पोट्टी. मी नाही म्हटलं नाही.

तू असतीस तर यावरून माझ्याशी भांडली असतीस. भांड ना, उजी.